कॅमेऱ्याकडे बघून बोला

विवेक मला पहिल्यांदा दिसला, तेव्हा त्याचं फक्त नाक दिसलं होतं.

दोन हजार अकराचा नोव्हेंबर. आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावात, बसस्टँडसमोर, खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर रामलालभाऊंचं नेट सेंटर होतं. तिथं मी काम करायचे. फॉर्म भरणं, मराठी टायपिंग, पोरांचे निकाल काढून देणं... दिवसभर तेच. त्या सकाळी मात्र मी घरच्या कामासाठी कॉम्प्युटरपुढे बसले होते. माझी मावसबहीण साक्षी, तिच्यासाठी तिरोड्याकडचं स्थळ आलं होतं. मुलाचं नाव रत्नपाल. गुजरातेत अंकलेश्वरला एका कंपनीत होता. त्याला सुटी मिळत नव्हती आणि त्याच्या आईला धीर धरवत नव्हता. शेवटी मोठ्या माणसांनी ठरवलं, पोरगा-पोरगी एकमेकांना कॉम्प्युटरवर पाहून घेतील. रविवारी, सगळ्यांच्या समोर. आमच्या अख्ख्या नात्यागोत्यात कॉम्प्युटर कळणारी मी एकटी, त्यामुळे सगळं नीट चालतं की नाही ते आधी तपासून बघायचं काम माझ्याकडे आलं.

मी केसांवरून हात फिरवला, कॉल लावला... आणि पडद्यावर दोन भल्यामोठ्या नाकपुड्या आल्या.

“हॅलो?” नाकपुड्या म्हणाल्या. “दिसून राहिलो का मी?”

“दिसून राहिले,” मी म्हणाले. “पण फार आतून दिसून राहिले.”

तिकडं काहीतरी धडपडलं. छत दिसलं, पंखा दिसला, आणि मग एक तरुण चेहरा. कपाळ वरून कापलेलं, मागच्या खिडकीतून डोळ्यांत घुसणारा उजेड, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत बांधलेल्या दोरीवर ओळीनं चार बनियन.

“रत्नपालजी?”

“नाही जी. तो ड्यूटीवर गेला. मी विवेक. आम्ही एकाच खोलीत राहतो. कॉम्प्युटर माझा आहे, मनून तपासायचं काम मलेच.”

त्या ‘मनून’वरून मी ओळखलं. “तुम्ही आपल्याकडचेच दिसता.”

“बोदलकसाचा. तलावाच्या काठावर घर आहे आमचं.” तो हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त मिटायचा. “सांगा, काय काय करायचं?”

“पहिले ते बनियन काढा.”

त्यानं दचकून स्वतःच्या अंगाकडे पाहिलं. माझ्या लक्षात आलं.

“अंगातले नाही!” मी घाईघाईनं म्हणाले. “दोरीवरचे. मुलीकडचे सगळे बसून राहणार अठी. आणि खिडकीकडे पाठ करून बसू नका, तोंड काळं दिसते.”

“माझं तर दिसते तरी,” तो म्हणाला. “राग नका मानू जी... पण तुम्ही मले दिसूनच नाही राहिल्या. निस्ता अंधार बोलून राहिला.”

मी मागे वळून पाहिलं. माझ्याही पाठीशी खिडकीच होती. दुसऱ्याला शिकवण्याच्या नादात मी स्वतःचं बघितलंच नव्हतं. मी खुर्ची उचलली, वायर ओढली, आणि खिडकीकडे तोंड करून बसले. नोव्हेंबरचं कोवळं ऊन तोंडावर आलं.

तिकडून काही आवाज येईना.

“लाइन गेली का?” मी विचारलं.

“नाही... लाइन आहे.”

“मंग?”

“काही नाही. दिसल्या आता.”

आणि मग लाइन खरोखरच गेली. बरं झालं. माझ्या गालांचं काय झालं होतं, ते त्याला दिसलं नाही.

*

खरं म्हणजे ही तपासणी एका दिवसात उरकायला हवी होती. पण पहिल्या दिवशी उजेडाचं झालं, दुसऱ्या दिवशी आवाजाचं राहिलं होतं, तिसऱ्या दिवशी गोरेगावातली वीजच गेली. चौथ्या दिवशी तपासायला काही उरलं नव्हतं, तरी आम्ही तपासलं. त्याची ड्यूटी दुपारी दोनची असायची. मी सकाळी अकराला मेसेज करायची, ‘वेळ आहे का?’ तो लिहायचा, ‘आहे.’ मगच कॉल लावायचा, असं मी ठरवलं होतं. न विचारता कुणाच्या खोलीत शिरत नाही, तसं न विचारता कुणाच्या पडद्यावरही शिरू नये.

त्यानं लॅपटॉप तांदळाच्या डब्यावर ठेवला, तेव्हा कुठं त्याचं कपाळ पूर्ण दिसलं. पण बोलताना नजर सारखी खाली.

“खाली काऊन पाहता? समोरच्याले वाटते, हा माणूस टेबलासंग बोलून राहिला. कॅमेऱ्याकडे बघून बोला.”

“असं?”

त्यानं वर पाहिलं, आणि एकदम तो माझ्याकडे बघत होता. थेट. मध्ये हजार किलोमीटर नव्हतेच जणू.

“हो...” मी म्हणाले. “असं.”

“पन एक अडचण आहे जी.” त्याची नजर हलली नाही. “कॅमेऱ्याकडे पाहलं तर तुम्ही मले दिसत नाही. आणि तुम्हाले पाहलं तर तुम्हाले वाटते, हा भलतीकडेच पाहून राहिला. मंग मी तुम्हाले पाहावं कवा?”

“तुम्हाले मले नाही पाहायचं. रत्नपालजीले साक्षीले पाहायचं आहे.”

“ते तर आहेच,” तो म्हणाला. अजूनही कॅमेऱ्यातच बघत.

आवाज पोचायला क्षणभर उशीर व्हायचा. मी बोलायला तोंड उघडायची आणि त्याच वेळी त्याचं मागचं वाक्य येऊन धडकायचं. “तुम्ही बोला.” “नाही, तुम्ही.” “बोला ना.” शेवटी ठरलं, ज्याचं बोलून संपेल त्यानं शेवटी ‘बोला’ म्हणायचं. रविवारसाठी हे चांगलं होतं. पण विवेकच्या तोंडून तो शब्द इतका हळू यायचा की मला काय बोलायचं होतं तेच मी विसरून जायची.

आणखी एक गोष्ट मी त्याला बजावली. “रविवारी सुरुवातीलेच सांगायचं, कोनाकडे कोन कोन बसलं आहे. कॅमेऱ्यात दिसत नसलं तरी नाव सांगायचं. पाहुण्याले माहीत पाहिजे, आपलं बोलणं कोन ऐकून राहिलं.”

“बरोबर आहे,” तो म्हणाला.

*

दुपारी गिऱ्हाईक कमी असायचं, तेव्हा साक्षी यायची. ती बालवाडीत शिकवायची. लहान पोरांसमोर तिची जीभ सरसर चालायची, पण नवीन माणूस दिसला की अटकायची. त्यातही स्वतःचं नाव सगळ्यात अवघड. ‘सा’वर जी थांबायची, ती पुढं सरकायचीच नाही. मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे. याआधी एक स्थळ आलं होतं, त्या मुलाच्या काकानं तिचं वाक्य स्वतःच पूर्ण करून टाकलं होतं, आणि तेही चुकीचं. लोक हसले होते. साक्षी पण हसली होती... त्यानंतर आठ दिवस ती जेवणाच्या ताटावर मान खाली घालून बसायची.

मी तिला कॅमेऱ्यासमोर बसवायची, तिचा पदर नीट करायची, उजेड बघायची. तिचं बोलणं मात्र मी काय नीट करणार होते?

“रंजू,” ती एकदा म्हणाली, “मी त्याले सां... सांगीन. अटकते ते. पन पहिल्या दिवशी नाही. दुसऱ्यांदा बोलणं झालं, तर. माझ्या तोंडानं सांगीन. तू कोनाले नको सांगू.”

“नाही सांगत.”

“शपथ?”

“शपथ.”

आणि शनिवारी मी सांगितलं.

का सांगितलं, हे मी स्वतःला कितीतरी वेळा विचारलंय. मला भीती वाटत होती. रविवारी साक्षी ‘सा’वर थांबली तर तिकडच्याला वाटणार, लाइन गेली. तो ‘हॅलो हॅलो’ करत बसणार, इकडं सगळे तिच्या तोंडाकडे बघणार. आणि दुसरं असं की, चार-पाच दिवसांत विवेक मला परका वाटेनासा झाला होता. माणूस जवळचा वाटू लागला की दुसऱ्याची गुपितंही आपलीच असल्यासारखी हातातून निसटतात.

“उद्या साक्षी बोलता बोलता थांबली, तर रत्नपालजीले सांगा, घाई नाही करायची,” मी म्हणाले. “मधातच शब्द नाही टाकायचा. निस्तं थांबायचं.”

“काऊन जी?”

“अटकते ती थोडी. नवीन लोकांसमोर. पन तुमच्यापाशीच ठेवा. ती सोता सांगणार आहे त्याले.”

विवेकची नजर कॅमेऱ्यावरून सुटून बाजूला गेली, आणि परत आली. कुठंतरी स्टीलचा पेला टेकवल्याचा आवाज झाला.

“बरं,” तो म्हणाला. त्या दिवशी पुढं ‘बोला’ म्हणाला नाही.

*

रविवारी रामलालभाऊंनी सेंटर आमच्यासाठी बंद ठेवलं. मावशी, म्हणजे साक्षीची आई सुशीलाबाई, माझी आई कुसुमबाई, बाबा, आणि रत्नपालची आई शकुंतलाबाई. त्या तिरोड्याहून सकाळच्या एसटीनं मुद्दाम आल्या होत्या. त्यांना पोरगी प्रत्यक्षही बघायची होती. बाबा सारखे वाकून कॅमेऱ्यात डोळा घालत होते आणि आई त्यांचा सदरा धरून मागं ओढत होती.

कॉल लागला. रत्नपाल इस्त्रीच्या शर्टात, मागची भिंत स्वच्छ, उजेड समोरून. विवेकनं सगळं मनापासून केलं होतं. तो स्वतः दिसत नव्हता, पण सुरुवातीलाच त्याचा आवाज आला, “अठी आम्ही दोघंच आहो. मी विवेक, बाजूले बसलो आहो.” मग मी आमच्याकडच्यांची नावं सांगितली. हवापाणी झालं, धानाचं झालं.

मग रत्नपालनं विचारलं, “तुमचं नाव?”

नाव माहीतच होतं सगळ्यांना. पण विचारायची पद्धत असते.

“सा...” साक्षी म्हणाली.

आणि थांबली. मान ताठ झाली. मी मनात म्हणत होते, थांब... थांब, काही बोलू नको.

“सावकाश सांगा,” रत्नपाल म्हणाला. आवाज इतका मायेचा होता त्याचा. “मले माहीत आहे तुम्ही अटकता ते. घाबरू नका. मले काही वाटत नाही त्याचं.”

शकुंतलाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. “काय माहीत आहे तुले?” त्यांनी पडद्याला विचारलं. मग साक्षीकडे पाहिलं. मग मावशीकडे.

साक्षीनं मात्र माझ्याकडे पाहिलं. फक्त माझ्याकडे.

मग ती पुन्हा कॅमेऱ्याकडे वळली. “सा... सा... साक्षी,” ती म्हणाली. “माझं नाव साक्षी.” ती उठली, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि जिना उतरून गेली. मी कॉल बंद केला. निरोप घ्यायलाही विसरले.

शकुंतलाबाई उरलेला चहा पिऊन उठल्या. “घरी बोलून कळवतो,” एवढंच म्हणाल्या.

*

साक्षी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती मावशीच्या मागच्या अंगणात तूर पाखडत बसली होती. मी समोर जाऊन उभी राहिले, तर तिनं सुपातून नजर वर केली नाही.

“रत्नपालवर नाही माझा राग,” ती म्हणाली. एवढं बोलताना ती एकदाही अटकली नाही. “त्याले चांगलंच करायचं होतं. राग तुझा आहे. माझं बोलणं तू बोलून टाकलं.”

मी तिच्या बाजूला बसले आणि तूर निवडू लागले. तिनं उठ म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशी तिनं सुपाचं एक टोक माझ्याकडे सरकवलं.

विवेकचा मेसेज आला होता. एकच. ‘चूक झाली. तुमच्यासोबत बोलायचं आहे. तुम्ही वेळ सांगाल तेव्हा. नाही सांगितली तरी चालेल.’ त्यानंतर त्यानं पुन्हा काही लिहिलं नाही. फोनही नाही. रोज अकरा वाजायचे, मी खिडकीकडे तोंड करून बसायची आणि दुसऱ्यांचे फॉर्म भरायची.

आठवड्यानं साक्षीच म्हणाली, “मले रत्नपालसंग बोलायचं आहे. एकटीले. तिकडं तो एकटा, अठी मी एकटी. तेवढं करून देशीन का?”

मी विवेकला लिहिलं, ‘वेळ आहे का?’

उत्तर लगेच आलं. कॉल लागला, पण त्यानं हॅलो म्हटलं नाही. आधी लॅपटॉप उचलला आणि अख्खी खोली मला फिरवून दाखवली. दार. कोपरा. रिकामी दोरी. मग खाली वाकून खाटेखालीसुद्धा... तिथं एक ट्रंक आणि एक चप्पल होती.

“कोनी नाही,” तो म्हणाला. चेहरा इतका गंभीर होता की मला हसू येणार होतं. मी ते दाबलं.

“त्या शनिवारी रत्नपाल होता ना?”

“होता. त्याची ड्यूटी बदलली, मनून शुक्रवारी आणि शनिवारी बाजूले बसून होता. नवीन लोकांसमोर बोलायले तो पन घाबरते. मनला, तुम्ही बोला, मी निस्तं ऐकतो, मले समजन कसं बोलायचं ते. मले वाटलं, तुम्हाले सांगितलं तर तुम्ही मोकळ्या नाही बोलणार.”

“मंग माझं मोकळं बोलणं तुम्ही दोघांनी वाटून घेतलं?”

त्यानं मान खाली घातली. आवाज पोचायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ गेला.

“हो,” तो म्हणाला. “वाटून घेतलं.”

काही सबब सांगितली असती तर मी कॉल बंद केला असता. पण तो सबब सांगत नव्हता. आणि माझ्याकडे तरी कुठं होती?

“माझी पन चूक आहे,” मी म्हणाले. “मी शपथ घेतली होती.” मग मला राहवलं नाही. “आणि ते... कॅमेऱ्याकडे बघायचं बोलणं? ते पन त्यानं ऐकलं?”

“ते नाही.” त्यानं वर पाहिलं. “तवा मी एकटाच होतो. ते निस्तं माझं आहे.”

*

गुरुवारी बाराच्या सुमाराला रामलालभाऊ चाव्या माझ्या हातात ठेवून म्हणाले, “मैं खाना खाके आता हूँ, बेटा. आराम से. कोई जल्दी नहीं है.” साक्षी आत गेली. दार लावण्याआधी तिनं विवेकची माफी ऐकून घेतली, “बरं” म्हणाली, आणि मग तो तिकडून उठला, मी इकडून. दार लागलं. मी जिन्याच्या पायरीवर येऊन बसले.

पाच मिनिटांत मोबाइल वाजला.

“कुठी आहात?” विवेक.

“पायऱ्यांवर. तुम्ही?”

“मी पन. तिसऱ्या मजल्याच्या.”

“काय दिसते तिथून?”

“एक धुराडं आहे कंपनीचं. पिवळा धूर येऊन राहिला. आणि एक बकरी... कोनाच्या तरी स्कूटरवर चढून उभी आहे. तुमच्याकडे?”

“पानी येऊन राहिलं. बारीक भुरभुर. वेळेचं नाही काही. समोरच्या राइस मिलसमोर धान उघडं होतं, लोक ताडपत्री घेऊन पळून राहिले. एसटी उभी आहे, कंडक्टर आतमधी झोपला.”

फोनवर आवाज उशिरा येत नव्हता. त्याचा श्वास माझ्या कानाशी होता.

“कोंड्याचा वास येत असन,” तो म्हणाला. “ओल्या कोंड्याचा.”

“येते.”

“तीन वर्षं झाले, नवीन धान पाहलं नाही मी. दिवाळीले येतो तवा कापणी राहते व्हायची, आणि मी परत गाडीत.” जरा थांबून म्हणाला, “अजून सांगा.”

मी सांगत राहिले. ताडपत्री उडाली ते सांगितलं, एका म्हातारीनं पोत्यावर स्वतःची छत्री धरली आणि आपण भिजत राहिली ते सांगितलं. तो एवढं मन लावून ऐकत होता की मी एरवी ज्या रस्त्याकडे ढुंकूनही बघत नसे, तो मलाच नव्यानं दिसू लागला. वाऱ्याबरोबर भुरभुर जिन्यात येत होती. माझे दात वाजले.

“तुले थंडी वाजून राहिली का?” तो म्हणाला.

दोघंही थांबलो.

“काय मनलं?”

“थंडी... वाजून राहिली का, मनलं.”

“त्याच्या आधी.”

“...तुले.”

खाली मिलवाल्याचा आरडाओरडा चालू होता. मी ओढणी खांद्याभोवती घट्ट लपेटली.

“मंग तसंच मन,” मी म्हणाले.

चाळीस मिनिटांनी दार उघडलं. साक्षी बाहेर आली, तर तिचे डोळे थोडे लाल आणि ओठांवर हसू होतं, दाबून ठेवलेलं.

“काय झालं वो? हो मनलं का त्याले?”

“विचार करते मनलं. तो मनला, किती दिवस लागन. मी मनलं, माझ्या बो... बोलण्यासारखंच होईन. वेळ लागन, पन पुरं होईन.”

“मंग?”

“हसला.” ती माझ्या बाजूला पायरीवर बसली. “मधातच शब्द नाही टाकला रंजू त्यानं. एकदाही.”

*

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, फेब्रुवारीत ठरलं. शकुंतलाबाईंनी होकार देताना मावशीला सांगितलं होतं, “माझं पोट्टं न अटकता बोलते, आणि काय बोलून बसलं ते पाहलं ना मी. पोरीनं नाव तर पुरं सांगतलं. मले आवडली.”

रत्नपालसोबत विवेकही येणार होता. तीन महिने आम्ही रोज बोललो होतो. धानावर, धुरावर, त्याच्या वडिलांच्या गुडघ्यावर, माझ्या टायपिंगच्या परीक्षेवर. तरी त्या दिवशी मंडपात तो आला, तेव्हा मला ओळखायला क्षणभर वेळ लागला. मी त्याला खांद्यापर्यंतच ओळखत होते. मनात मी त्याला चांगला उंच करून ठेवला होता. तो माझ्यापेक्षा दोनच बोटं वर निघाला. हात मात्र मोठे, आणि ते कुठं ठेवायचे हे त्याला समजत नव्हतं.

“जय भीम,” तो म्हणाला.

“जय भीम.”

झालं. तो भात वाढायला लागला, मी पाणी वाढायला.

बुद्धवंदना झाली. अंगठीच्या वेळी शकुंतलाबाईंच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या पाहुणीनं साक्षीला नाव विचारलं. मंडपभर माणसं. साक्षी ‘सा’वर थांबली. रत्नपाल अंगठी चिमटीत धरून तिच्याकडे बघत शांत उभा राहिला, आणि त्याचं पाहून बाकीचे सगळेही शांत राहिले. नाव पूर्ण झालं. मग अंगठी गेली बोटात.

दुपारी पंगती उठत होत्या तेव्हा मी मंडपामागं पाण्याच्या टाकीजवळ बादली भरत होते. तो आला.

“संध्याकाळच्या गाडीनं बोदलकसाले जातो,” तो म्हणाला. “परवा परत अंकलेश्वर.”

“माहीत आहे.”

“इतके दिवस बोललो. आज अठी आलो, तर बोलताच नाही येऊन राहिलं.”

“काऊन?”

“तू एवढ्या जवळ आहे.”

बादली भरून वाहायला लागली होती. मी नळ बंद केला. हात ओले, पुसायला काही नाही... ओढणीलाच पुसले.

“तिरोड्याकडे कामाचं पाहून राहिलो,” तो म्हणाला. “बाबाचा गुडघा, शेती... मले परत यायचं आहे. आणि दुसरं पन कारण आहे. मी तुझ्या बाबाले विचारू, का आधी तुले?”

“आधी मले.”

“विचारलं.”

“असं कसं विचारलं? काहीच तर नाही विचारलं.”

त्यानं एक श्वास घेतला. कॅमेरा कुठंच नव्हता, बघायला फक्त मी होते. “रंजिता... माझ्यासंग लगन करशीन का?”

मला नेहमी वाटायचं, अशा वेळी मी काहीतरी फार छान बोलेन.

“मी काम नाही सोडणार,” मी म्हणाले.

“मी कुठं मनलं सोड?”

“आधीच सांगून ठेवते.”

“ठेव. बाकी?”

“बाकी... करीन.”

त्याचा तो एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त मिटला. तो आणखी काही बोलणार होता, पण मी बादली उचलली आणि दुसऱ्या हातानं त्याला खूण केली. माझ्या मागं ये. साक्षीच्या वेळी मी दुसऱ्याचं बोलणं बोलून टाकलं होतं. हे माझं होतं, ते मलाच बोलायचं होतं.

बाबा मंडपाच्या टोकाला चटईवर बसले होते. सकाळपासून आचाऱ्यांच्या मागं फिरून थकले होते.

“बाबा,” मी म्हणाले, “हा विवेक. बोदलकसाच्या बकाराम बन्सोडांचा मुलगा. मले याच्यासंग लगन करायचं आहे.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग विवेककडे, चपलेपासून केसांपर्यंत आणि केसांपासून परत चपलेपर्यंत. विवेकचे हात पुन्हा जागा शोधू लागले. मला वाटलं, आता ओरडतात... किंवा आईला हाक मारतात.

“तुमच्याकडे धान कसं झालं गा यंदा?” बाबांनी विचारलं.

“बरं झालं जी. तलावाचं पानी भेटलं, मनून.”

“हं.” बाबांनी हातानं चटई झटकली. “जेवला का?”

विवेक दोन पंगतींना बसला होता. दोन्ही वेळा मीच पाणी वाढलं होतं.

“नाही जी,” तो म्हणाला.

“मंग बस. मी पन राहिलोच आहो.” बाबा चटईवर बाजूला सरकले. विवेक त्यांच्या शेजारी मांडी घालून बसला, पाठ एकदम ताठ. मी बादली ठेवली आणि दोन पत्रावळी आणायला वळले.

“रंजिता,” मागून बाबांचा आवाज आला. “तीन आन. तू पन बस.”